खिशातलं पीठ

मन्मथअप्पांच्या दुकानात काचेचा गोल वाडगा घ्यायचा असेल, तर पैशाच्या आधी शपथ द्यावी लागते.

"ह्यात मासा ठेवनार न्हाई म्हना."

गिऱ्हाईक आधी हसतं. मग अप्पांचा चेहरा बघून हसू आवरतं. एखादी बाई म्हणते, "अहो अप्पा, मला कोशिंबीर करायचीय यात."

"करा की. कोशिंबीर करा, गुलाबाच्या पाकळ्या तरंगवा, पोराच्या गोट्या ठिवा. मासा ठेवनार न्हाई म्हना, लगेच बांधून देतो."

बाई इकडंतिकडं बघत शपथ घेते. एकदा एका कॉलेजच्या पोराने मात्र "ठेवणारच आहे, बोला!" असं सुनावलं. अप्पांनी वाडगा त्याच्या हातातून काढून घेतला, फडक्याने पुसून फळीवर ठेवला आणि त्याला शांतपणे स्टीलचे डबे दाखवायला सुरुवात केली. पोरगा पाय आपटत निघून गेला. मी विचारलं, "अप्पा, एवढं आहे तर वाडगे दुकानात ठेवताच कशाला?" तर म्हणाले, "म्या न्हाई ठिवले तर लोक दुसरीकडून घेतील. तितं शपथ कोन घालनार?"  

मी मुनीर. नांदेडच्या भांड्यांच्या गल्लीत अप्पांचं दुकान आणि बरोबर समोर माझं चष्म्याचं. चष्म्याच्या धंद्यात एकदा आलेलं गिऱ्हाईक काच फुटेपर्यंत पुन्हा तोंड दाखवत नाही, त्यामुळे समोर बघत बसायला मला भरपूर सवड असते. समोर अप्पा असतात. उंच, वाळका देह, पांढरा सदरा, सदऱ्याच्या आत गळ्यात इष्टलिंग आणि कपाळावर विभूतीचे पट्टे. कडक शाकाहारी. बेकरीचं बिस्कीटसुद्धा आधी "अंडं तर न्हाई ना?" असं विचारून, मग वास घेऊन, मग विचार करून खातात. आणि ह्या माणसाला गोदावरीतला झाडून सगळा मासा ओळखता येतो.

याचा सगळा त्रास मला. मी बाजारातून मासळी घेऊन गल्लीत शिरलो की अप्पा दुकानातूनच हाक मारतात, "मुनीरभाई, पिशवी उघडा." जकात नाक्यावर ट्रक अडवावा तशी माझी पिशवी अडते. आत डोकावून म्हणतात, "मरळ हाय. खा. बिनघोर खा." मी एकदा चिडून विचारलं की तुम्ही शाकाहारी, तुम्हाला माझ्या मरळीचं काय पडलंय?

"पोटासाठी मारलं तर देवाला सांगता येतंय, भूक लागलती म्हनून," अप्पा म्हणाले. "शोभेसाठी मारलं तर काय सांगनार? भिंत मोकळी दिसत हुती म्हनून?"

खा म्हणतात, पण मी खायला बसलो की खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करतात. दुपारी मी डबा उघडला की समोर अप्पांची पाठ. सुरुवातीला मला फार लागलं. वाटलं, माझ्या डब्यातलं मटण ह्यांना सोसत नाही. आता समोरासमोर दुकानं असल्यावर माणसाने रोज उठून पाठ दाखवावी? मी बायकोला सांगून मुद्दाम आठवडाभर वरणभात मागवला आणि डबा चांगला उंच धरून, त्यांना दिसेल असा, जेवलो. तरी पाठच. शेवटी विचारलं तेव्हा कळलं की त्यात मटणाचा काही संबंध नव्हता. "खानाऱ्याच्या तोंडाकडं बगू न्हाई," ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले. "घास लागतोय त्याला." स्वतःच्या नातवंडांकडेही ते जेवताना बघत नाहीत. आठवडाभर मी उगाच वरणभात खाल्ला.

दुसरं म्हणजे पीठ. सदऱ्याच्या वरच्या खिशात कागदाची एक पुडी कायम असते आणि तीत ज्वारीचं पीठ असतं. पुडी गळते, खिसा पांढरा होतो, मुंग्या येतात, महानंदा वहिनी सदरा धुताना ओरडतात. कशाला ठेवता म्हणून विचारलं की एकच उत्तर: "लागतंय. कवा लागंल सांगता येत न्हाई." लग्नाला जाताना नवा सदरा घातला तरी पुडी जुन्यातून नव्यात जाते.

या पिठाने एकदा मोठाच घोटाळा केला. उदगीरचे एक वयस्कर व्यापारी दुकानात आले होते, अप्पांच्याच समाजातले, मोठे शिवभक्त. अप्पा पुडी बदलत होते, चिमटीत पीठ होतं. त्या गृहस्थांना वाटलं विभूती आहे. त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. इतक्या भक्तीने पुढं आलेलं कपाळ मोकळं कसं परत पाठवायचं? अप्पांनी ज्वारीच्या पिठाचे पट्टे ओढले. गृहस्थ तृप्त होऊन गेले. पुढच्या खेपेला येऊन सांगू लागले की तुमच्या विभूतीने गुण आला, कोर्टातली केस सुटली. तेव्हापासून ते येताना दिसले की अप्पा गोदामात लपतात.

आणि तिसरं, तांबं. स्टील ते विकतात, पितळ विकतात, पण बोलतात फक्त तांब्याबद्दल. तांब्याचा हंडा दाखवताना त्यांचा आवाज खाली येतो. "तांबं कवाच दगा देत न्हाई," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. प्लास्टिकला ते भांडं मानतच नाहीत. माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पाण्याच्या जारकडे बघून म्हणायचे, "मुनीरभाई, ह्यो जार न्हवं, आजार हाय."

अप्पा मूळचे किल्लारीकडचे. आमच्याकडे अमक्या वयाचा माणूस किल्लारीकडचा आहे म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. भूकंपात त्यांचं गाव पडलं तेव्हा ते ऐन विशीत होते. लोकांना नवं गाव वसवून मिळालं, अप्पा मात्र तिथं न राहता नांदेडला मामाच्या दुकानात आले आणि इथलेच झाले. एवढं मला ठाऊक होतं. बाकी ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

तर परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या कॉलनीत एका ठेकेदाराच्या नातवाचा वाढदिवस होता. अप्पा-वहिनींनाही बोलावणं होतं. केक कापून झाला, पोरं निघाली आणि ठेकेदारीणबाई प्रत्येकाच्या हातात परतभेट देऊ लागल्या. प्लास्टिकची पाण्याने भरलेली पिशवी, वर रबर, आत दोन जिवंत मासे. पोरं पिशव्या हलवत, गरगर फिरवत चालली होती. अप्पांनी एकाचा हात धरला, पिशवी उजेडात धरली आणि मला म्हणाले, "भिंग द्या."

चष्मेवाल्याच्या खिशात भिंग असतंच, मी ते दिलं. बोटाच्या पेराएवढा चंदेरी मासा होता. शेपटीच्या अलीकडे एक काळा ठिपका, बाईच्या कपाळावर असावा तसा. अप्पा बराच वेळ बघत राहिले.

"टिकली," ते म्हणाले. "आमच्या बारवेतली टिकली हाय ही. आक्कानं नाव ठिवलंय."

आक्का कोण, असं मी विचारलं. "माजी थोरली बहीन," म्हणाले आणि वहिनींकडे वळले, "दुकान उघड. स्टीलच्या पेल्यांचं खोकं आन."

मग त्या मांडवात जो बाजार भरला तो कॉलनी अजून विसरलेली नाही. मासे द्या, पेला घ्या. अप्पा उकिडवे बसून एकेका पोराशी सौदा करत होते आणि मासे बादलीत जमा होत होते. एका पोरीने पेला उलटासुलटा करून बघितला आणि झाकणाचा डबा मागितला. मिळाला. मग पेला घेतलेले सगळे परत आले. ठेकेदारीणबाई लाल झाल्या, ठेकेदार "अप्पा, आमची भेट आहे हो ती!" म्हणत मागे मागे फिरत होते. दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. शेजारच्या कॉलनीतली पोरं कुठून कुठून मासे घेऊन पेले मागायला दुकानावर आली. एकाने सोनेरी मासा आणला, एकाने बेडकाची पिल्लं आणली, आणि एकाने आईच्या डब्यातला सुका बोंबील आणला. बोंबीलवाल्यालाही अप्पांनी चमचा दिला.

त्याच दुपारी अप्पा मला घेऊन स्टेशनच्या रस्त्यावरच्या बंटीकडे गेले. बंटी शोभेचे मासे विकतो. बंटी आणि अप्पा यांचं वैर जुनं. अप्पा त्याच्या काचेला नाक लावून "ह्ये कुठलं, ते कुठलं?" विचारत उभे राहतात आणि गिऱ्हाईक पळवून लावतात. जे पाळून, वाढवून विकलेले मासे असतात त्यांच्याबद्दल ते फक्त कुरकुरतात. पण रानातला मासा टाकीत दिसला की त्यांचा तोल सुटतो. त्या दिवशी मात्र ते भांडले नाहीत. टाकीतल्या टिकल्यांकडे बोट दाखवून हळू विचारलं, "ह्या कुठनं आल्या, बंटी?"

"देशी माल आहे अप्पा, स्वस्तात पडतो. एक जीपवाला आणतो, औसा-किल्लारी साइडनं. उन्हाळ्यात ओढे आटले की सगळा मासा उरलेल्या पाण्यात गोळा होतो ना, एका जाळ्यात साफ. निम्मा वाटेतच मरतो, पण परवडतं."

"ओढ्यातल्या न्हाईत ह्या. बारवेतल्या हायत."

"हां, बारवच म्हणत होता. पडक्या गावातली. तिथं कोणी राहत नाही म्हणे, कोणी विचारत नाही."

अप्पा स्टुलावर बसले. "कोनी राहात न्हाई म्हनला?" असं त्यांनी पुन्हा विचारलं. बंटीने मान हलवली. मग अप्पांनी टाकीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या टिकल्या मागितल्या आणि बदल्यात बंटीच्या आईला नवा कुकर पाठवला. बंटी काही वाईट पोरगा नाही. त्याने मासे नीट हवा भरून दिले आणि वर सल्ला दिला की पाणी एकदम बदलू नका.

आता अप्पांना एकच ध्यास लागला. टिकल्या परत बारवेत न्यायच्या. तिथली बारव जीपवाल्याने साफ केली असेल तर आपल्या हौदात आहेत तेवढंच बी उरलं, ह्या मेल्या की संपलं, असं ते मला दिवसातून चारदा सांगायचे. घरामागच्या हौदावरून त्यांनी वहिनींना हाकललं. धुणं बंद, बादली बुडवणं बंद. वहिनी माझ्या बायकोला म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवा माज्यासाठी कवा हौद धुतला न्हाई ह्या मानसानं."

न्यायच्या कशातून, यावर घरात दोन तट पडले. वहिनींचं म्हणणं, दुधाची स्टीलची किटली घ्या. अप्पांना ते अजिबात पटेना. लेकी माहेरी चालल्यात, त्यांना किटलीतून न्यायचं? त्यांनी दुकानातली सगळ्यात देखणी तांब्याची घागर काढली आणि आदल्या दिवशी स्वतः बसून चिंच लावून घासली. बाहेरून घासली, हात घालून आतून घासली. उन्हात ठेवली तेव्हा तिच्याकडे बघवेना इतकी झळकत होती. सकाळी हौदाचं पाणी भरलं, टिकल्या सोडल्या आणि तोंडाला तांबडं मलमलचं फडकं बांधलं. मला बरोबर घेतलं, कारण बसमध्ये घागर धरायला दोन माणसं लागतात. मी आपला माझा प्लास्टिकचा जार भरून घेतला. उन्हाळा होता आणि माझा अप्पांच्या तांब्यावर तेवढा विश्वास नव्हता.

लातूरच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "घागरीत काय?" अप्पा म्हणाले, "पाव्हने." कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी तिकिटाचे पैसे पुढं केले. लोह्याच्या पुढं एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि तिने घागरीला हात लावून कपाळाला लावला. तीर्थ आहे असं तिला वाटलं. मग तिच्या मागच्या बाईनेही लावला. लातूर येईपर्यंत निम्म्या बसचा नमस्कार घागरीला पोचला होता आणि अप्पा प्रत्येकाला मान लववून उत्तर देत होते. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

लातूरच्या स्टँडवर बस बदलताना त्यांनी फडकं सोडून आत बघितलं. टिकल्या वर येऊन तोंडं उघडझाप करत होत्या. "गर्दी झाली वाटतं," म्हणत त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि त्यांची नजर माझ्या जारवर आली. मी जार छातीशी धरला. पण अप्पांच्या पुढं कुणाचं चाललंय? त्यांनी पाणी निम्मं केलं, वाटीने थोड्या टिकल्या काढून त्यात सोडल्या आणि जार माझ्याकडे देत म्हणाले, "बाजारात कुनाला सांगू नका, मन्मथनं प्लास्टिक वापरलं म्हनून." माझ्या पिण्याच्या पाण्यात मासे फिरत होते आणि मी औशापर्यंत तहानलेला, रागावलेला बसलो होतो.

औशाला उतरलो. पुढं जीप होती, ती भरायला वेळ होता. मी चहा सांगितला. अप्पा बाकावर घागर ठेवून फडकं सोडत होते. चहा आला, मी घोट घेतला, आणि अप्पांचा काहीच आवाज येईना म्हणून वळलो.

घागरीत पाणी पांढरं दिसत होतं. सगळ्या टिकल्या उलट्या होऊन वर आल्या होत्या. अप्पांनी आत हात घातला आणि झोपलेल्या लेकराला हलवावं तसं पाणी हळूहळू हलवलं. "उठा की," ते म्हणाले. "आलं की गाव. उठा." त्यांचा हात पाण्यात तसाच फिरत राहिला. मला बघवेना. मी चहा खाली ठेवला.

माझ्या जारमधल्या मात्र जिवंत होत्या. काठाकाठाने फिरत होत्या. मला काही सुचलं नाही, मी बंटीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिकडून ओरडलाच, "तांब्यात? चाचा, तांबं म्हणजे माशाला जहर! आमच्या एका औषधात तांबं असतं, ते आम्ही थेंब मोजून टाकतो. आणि चिंचेनं घासली असेल तर पाण्यात उतरणारच ना!" अप्पा जवळच होते, त्यांना सगळं ऐकू गेलं. माणसाचं एक आयुष्यभराचं वाक्य असतं आणि ते असं बाकावर बसल्या बसल्या तुटतं, हे बघणं फार वाईट. ते एवढंच म्हणाले, "आतनं बी घासली म्या. चांगली घासली."

फोनवर बंटीचा आवाज खाली आला. मग म्हणाला, "चाचा, अप्पा रडून राहिलेत का? त्यांना सांगा, त्या जीपवाल्याचा माल मी आता घेत नाही. खरंच घेत नाही."

मेलेल्या टिकल्या औशाच्या गटारीत टाकायला अप्पा तयार होईनात. तांबड्या फडक्यात बांधून घेतल्या. घागरीतलं पाणी रस्त्याकडेच्या मातीत ओतलं. मग जीप निघाली. रिकामी घागर माझ्या मांडीवर होती, आणि भांड्यांचा व्यापारी मन्मथअप्पा प्लास्टिकचा जार दोन्ही हातांनी धरून, खड्डा आला की तो वर उचलून, बसले होते.

जुन्या गावात आता बाभळी आहेत. मधून मधून जोत्याचे दगड, एखादा उंबरा. अप्पा पुढं चालत होते, न बघता वळत होते. जिथं गल्ली होती तिथं गल्लीने वळत होते, मला मात्र सगळीकडे बाभळीच दिसत होत्या. बारवेजवळ एक बाई शेळ्या राखत होती. तिने विचारलं, "कोन गावचे, बाबा?"

"हितलाच."

"हितलं आता कोन? समदे नव्या गावात गेले."

"म्या न्हाई गेलो," अप्पा म्हणाले. मग त्यांनी जीपवाल्याचं विचारलं. बाई म्हणाली, आलते, जाळी घेऊन उतरलते, पंचायतीनं धाडलं असंल म्हणून ती बोलली नाही. अप्पांनी तिला जार दाखवला. ती बराच वेळ आत बघत राहिली. "ह्या नेल्या व्हय मेल्यांनी? पुन्यांदा येऊ द्या. अशी बोंब मारते का नव्या गावात ऐकू जाईल," असं ती म्हणाली आणि मला तिच्या आवाजावरून ते खरं वाटलं.

बारवेच्या वर लिंबाचं झाड आहे. त्याच्या मुळाशी अप्पांनी काठीने माती उकरली आणि तांबडं फडकं ठेवलं. "आमच्यात पुरत्यात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमच्यातही," मी म्हणालो, आणि दोघांनी मिळून माती लोटली.

मग आम्ही पायऱ्या उतरलो. बारवेचा चिरा न् चिरा जागेवर होता. तळाला हिरवं पाणी, त्यावर लिंबाची पानं. अप्पांनी खिशातून पुडी काढली आणि चिमूटभर पीठ पाण्यावर टाकलं. पीठ पसरलं, तरंगलं. पाण्यावर एकही वलय उठलं नाही. जीपवाल्याने खरंच काही ठेवलं नव्हतं.

अप्पा खालच्या पायरीवर बसले. जार मांडीवर होता. बोलायला लागले तेव्हा मला आधी कळलंच नाही की ते कशाबद्दल बोलतायत.

"पहाटपासनं उकरीत हुतो, मुनीरभाई. आक्का सापडली तवा दुपार झालती. तिला वर ठिवलं आन हात धुवाया हितं उतरलो. तर ह्या वर आल्या. सगळ्या. तोंडं उघडून. आक्का रोज पान्याला आली का पीठ टाकायची ह्यांना. दळन झालं का पदरात चिमूटभर बांधून आनायची." ते थांबले. "वर सगळं गाव पडलंय, आन ह्या पीठ मागून राहिल्यात. ह्यांना कुनी सांगितलंच न्हवतं."

त्यांनी पाण्यावरचं एक पान बोटाने बाजूला सारलं.

"माज्याकडं पीठ न्हवतं. हाताची माती पान्यात गेली, तर ती माती त्यांनी तोंडात घेऊन बघितली. बघितली आन टाकून दिली. तसाच वर गेलो म्या." त्यांनी खिशावर हात ठेवला. "तवापासनं ठिवतो. कवा लागंल सांगता येत न्हाई."

इतकी वर्षं समोर बसून मी त्या खिशाची चेष्टा केली, मुंग्यांवरून विनोद केले. माझे डोळे भरून आले आणि मी चष्मा पुसायला घेतला.

अप्पांनी जार पाण्यात तिरका धरला. बंटीने सांगितलं होतं तसं आधी बारवेचं पाणी थोडं थोडं आत येऊ दिलं. टिकल्या क्षणभर जारच्या तोंडाशी थांबल्या. मग एक गेली, तिच्या मागे बाकीच्या गेल्या, आणि चिऱ्यांच्या खालच्या अंधारात दिसेनाशा झाल्या. अप्पांनी उरलेली सगळी पुडी पाण्यावर उलटी केली. आम्ही वाट बघितली. काही आलं नाही. वर रस्त्यावर आम्हाला घेऊन आलेल्या जीपचा हॉर्न वाजू लागला.

"बुजल्यात," अप्पा उठत म्हणाले. "चला."

मी घागर घेतली, त्यांनी जार घेतला. निम्म्या पायऱ्या चढलो असू, तेव्हा खाली पाण्यात टुप् असा आवाज झाला. मग आणखी एक. मी लगेच वळलो. पिठाच्या पांढऱ्या सायीत बारीक बारीक वलयं उठत होती.

"अप्पा! बघा, बघा की!"

अप्पा थांबले होते. पण त्यांची पाठच होती बारवेकडे, दुकानात माझ्याकडे असते तशी. भिंतीच्या चिऱ्यांकडे तोंड करून ते उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

"खाऊन राहिल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग खाऊ द्या," अप्पा म्हणाले. "तुमी बी नका बगू."